अमेरिकेचा अध्यक्ष इलेक्टरांनी निवडावा की थेट जनतेने? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी नोव्हेंबरात २७० हा आकडा टीव्हीवर झळकायला लागतो आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. जास्त मतं मिळालेला माणूस हरतो कसा? मग ही पद्धत बदलत का नाहीत? इथे आधी पद्धत कशी चालते ते सांगितलं आहे, मग तिच्यावरचा वाद. आमचं मत आधीच सांगून टाकतो: अध्यक्ष थेट जनतेने निवडावा. मात्र त्यासाठी देशभर एकच मोजणी, एकच फेरमोजणीचा नियम आणि किमान मतांची अट लागेल. या तीन गोष्टींशिवाय थेट निवडणूक घेतली, तर जुना गोंधळ जाऊन नवा येईल.

मतदार अध्यक्षाला मत देत नाहीत, हे खरं आहे का?

हो. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव असतं, पण मत जातं त्या उमेदवाराच्या पक्षाने त्या राज्यात नेमलेल्या इलेक्टरांच्या यादीला. ही यादी प्रत्येक पक्ष निवडणुकीच्या वर्षात, बहुतेक ठिकाणी राज्याच्या अधिवेशनात किंवा समितीत ठरवतो. यादीत जुने कार्यकर्ते, स्थानिक पदाधिकारी, देणगीदार असे लोक असतात. काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सदस्य किंवा केंद्र सरकारात पद असलेली व्यक्ती इलेक्टर होऊ शकत नाही, ही अट राज्यघटनेतच आहे. बहुतेक राज्यांत इलेक्टरांची नावं मतपत्रिकेवर छापलेलीही नसतात, त्यामुळे आपण नक्की कोणाला निवडून दिलं हे मतदाराला ठाऊक नसतं.

५३८ हा आकडा कुठून आला?

काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि राजधानी वॉशिंग्टन डीसीचे ३. डीसीला हा हक्क १९६१ मध्ये २३व्या घटनादुरुस्तीने मिळाला. बहुमतासाठी २७० लागतात. राज्याच्या प्रतिनिधींची संख्या दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर बदलते. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाकडे ५४, टेक्सासकडे ४०, फ्लोरिडाकडे ३० आणि न्यूयॉर्ककडे २८ मतं आहेत. कितीही लहान राज्य असलं तरी दोन सिनेटर आणि एक प्रतिनिधी धरून किमान ३ मतं मिळतातच.

पोर्तो रिकोत सुमारे ३२ लाख लोक राहतात. ते अमेरिकेचे नागरिक आहेत, पण तो प्रदेश राज्य नसल्याने त्याच्या वाट्याला शून्य मतं येतात.

नोव्हेंबरच्या मतदानापासून शपथविधीपर्यंत नेमकं काय होतं?

मतदान होतं नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. मोजणी प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने करतं. मग गव्हर्नर कोणते इलेक्टर निवडून आले याचं प्रमाणपत्र काढतो. ते इलेक्टरांच्या बैठकीच्या सहा दिवस आधी निघालं पाहिजे.

डिसेंबरातल्या दुसऱ्या बुधवारनंतरच्या मंगळवारी इलेक्टर आपापल्या राज्याच्या राजधानीत जमतात. २०२४ मध्ये ही तारीख १७ डिसेंबर होती. देशभरचे इलेक्टर एका ठिकाणी कधीच येत नाहीत. अध्यक्षासाठी एक आणि उपाध्यक्षासाठी एक अशा दोन वेगळ्या मतपत्रिका भरतात, सहा प्रतींवर सह्या करतात आणि प्रत्येक प्रतीला गव्हर्नरचं प्रमाणपत्र जोडतात. एक प्रत सिनेटच्या अध्यक्षाकडे, म्हणजे देशाच्या उपाध्यक्षाकडे जाते. बाकीच्या राष्ट्रीय अभिलेखागार, राज्याचा सचिव आणि तिथलं संघीय न्यायालय यांच्याकडे जातात. वाटेत एखादी प्रत हरवली किंवा कोणी दाबून ठेवली तरी अडू नये, म्हणून इतक्या प्रती.

६ जानेवारीला दुपारी १ वाजता काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत राज्यांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने लिफाफे उघडले जातात. २० जानेवारीला दुपारी १२ वाजता शपथविधी.

यातली सगळ्यात कच्ची कडी ६ जानेवारीची होती. १८८७ च्या कायद्यानुसार दोन्ही सभागृहांतला एकेक सदस्य उभा राहिला, तरी एखाद्या राज्याच्या मतांवर आक्षेपाची चर्चा सुरू होत असे. २०२१ मध्ये त्याच दिवशी काँग्रेसच्या इमारतीत झालेल्या हिंसाचारानंतर २०२२ मध्ये कायदा बदलला. आता आक्षेपाला प्रत्येक सभागृहातल्या किमान एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात, आक्षेपाची कारणं फक्त दोनच ठेवली आहेत आणि उपाध्यक्षाचं काम निव्वळ कार्यवाहीचं आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे. ही दुरुस्ती फार गरजेची होती. तिच्याबद्दल बोललं जातं त्यापेक्षा जास्त बोललं जायला हवं.

राज्यात जो पुढे त्याला सगळे इलेक्टर, हा नियम घटनेत आहे का?

नाही. वादातला सर्वात मोठा गैरसमज हाच आहे. राज्याचं विधिमंडळ सांगेल त्या पद्धतीने इलेक्टर नेमावेत, एवढंच घटना म्हणते. सुरुवातीच्या काळात काही राज्यांत विधिमंडळच इलेक्टर निवडत असे, काही ठिकाणी जिल्हावार निवडणूक होत असे. १८०० च्या निवडणुकीआधी व्हर्जिनियाने सगळी मतं एकगठ्ठा देण्याचा नियम केला, कारण जिल्हावार पद्धतीत तिथलेच उमेदवार थॉमस जेफरसन यांची काही मतं गेली असती. एका राज्याने गठ्ठा केला की शेजारच्याला तोटा, म्हणून त्यानेही केला. १८३६ पर्यंत दक्षिण कॅरोलायना सोडून सगळ्या राज्यांनी हाच मार्ग धरला होता.

आजही मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं वेगळं करतात. राज्यात पुढे असलेल्याला दोन मतं आणि प्रत्येक मतदारसंघात पुढे असलेल्याला त्या मतदारसंघाचं एक. म्हणूनच २०२० आणि २०२४ मध्ये नेब्रास्काचं ओमाहाभोवतीचं एक मत डेमोक्रॅट उमेदवाराला गेलं आणि मेनचं उत्तरेकडचं एक मत ट्रम्प यांना.

मुळात ही पद्धत आणलीच का?

१७८७ च्या फिलाडेल्फियातल्या घटनासभेत अध्यक्ष कोणी निवडावा यावर महिनोन्महिने घोळ चालला. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन थेट निवडणुकीच्या बाजूने होते. काहींना काँग्रेसने निवडावा असं वाटत होतं, पण मग अध्यक्ष काँग्रेसचा मिंधा झाला असता. इतक्या पसरलेल्या देशात दूरच्या उमेदवाराची पारख लोकांना कशी होणार, हीही शंका होती.

आणखी एक कारण होतं आणि ते झाकू नये. १९ जुलैला व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन यांनी मान्य केलं की थेट निवडणूक सर्वात योग्य ठरेल, पण दक्षिणेकडच्या गुलामांना मत नसल्याने त्या राज्यांचं वजन पडणार नाही. इलेक्टरांची संख्या प्रतिनिधींच्या संख्येशी बांधली की हा प्रश्न सुटत होता, कारण प्रतिनिधी ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली जात. परिणाम आकड्यांत दिसतो: मुक्त लोकसंख्या जवळपास सारखी असूनही १८०० मध्ये व्हर्जिनियाकडे २१ इलेक्टर होते आणि पेनसिल्व्हेनियाकडे १५. गुलामगिरी हे एकमेव कारण होतं असं म्हणणं चूक, पण ते कारणच नव्हतं असं म्हणणं त्याहून मोठी चूक.

कमी मतं मिळूनही अध्यक्ष किती वेळा झाले?

पाच वेळा: १८२४, १८७६, १८८८, २०००, २०१६.

१८७६ मध्ये टिल्डन यांना निम्म्याहून जास्त मतं मिळाली होती. तीन दक्षिणी राज्यांची आणि ओरेगॉनचं एक अशी २० इलेक्टोरल मतं वादात अडकली. १५ जणांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ अशा फरकाने ती सगळी हेज यांना दिली आणि ते १८५ विरुद्ध १८४ ने जिंकले.

२००० मध्ये डेमोक्रॅट गोर यांना देशभरात सुमारे ५ लाख ४४ हजार मतं जास्त होती, पण फ्लोरिडा ५३७ मतांनी गेलं. २०१६ मध्ये डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन यांची आघाडी सुमारे २८ लाख ७० हजारांची होती. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून त्या सुमारे ७८ हजार मतांनी मागे पडल्या आणि तिथेच निकाल लागला.

मग ही पद्धत कायम रिपब्लिकन पक्षालाच धार्जिणी आहे का?

नाही. २००४ मध्ये रिपब्लिकन बुश यांना देशभरात सुमारे ३० लाख मतं जास्त होती. ओहायोतली सुमारे १ लाख १८ हजारांची पिछाडी भरून निघाली असती, तर डेमोक्रॅट केरी अध्यक्ष झाले असते. २०२४ मध्ये ट्रम्प जनमतातही पुढे होते आणि इलेक्टरांतही (३१२ विरुद्ध २२६).

२०२० चं उदाहरण जास्त बोलकं आहे. बायडन देशभरात सुमारे ७० लाख मतांनी पुढे होते, तरी ॲरिझोनात १०,४५७, जॉर्जियात ११,७७९ आणि विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२ मतांची आघाडी नसती, तर निकाल २६९–२६९ झाला असता. सत्तर लाखांची आघाडी त्रेचाळीस हजारांच्या आधारावर उभी होती. लाभ कोणत्या पक्षाला हे पिढीगणिक बदलतं. निकाल दोन-तीन राज्यांतल्या काही हजार मतांवर टांगलेला असणं हा कायमचा दोष आहे, आणि आम्ही पद्धत बदला म्हणतो ते त्यासाठी.

लहान राज्यांचं रक्षण होतं, हे तरी खरं ना?

गणितात खरं, व्यवहारात नाही. वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक इलेक्टर, कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजारांमागे एक. म्हणजे वजन जवळपास चौपट. पण या वजनाचा वायोमिंगला उपयोग काय? तिथला निकाल आधीच ठरलेला असतो, म्हणून कोणताही उमेदवार तिकडे फिरकत नाही. प्रत्येकी ३ मतं असलेली अलास्का, डेलावेअर, उत्तर आणि दक्षिण डकोटा, व्हरमाँट, वायोमिंग ही सहा राज्यं आणि डीसी यांतलं एकही २०२४ मध्ये चुरशीचं नव्हतं. प्रचार चालला पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, उत्तर कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेवाडात. यांतलं फक्त नेवाडा लहान म्हणावं असं आहे.

राज्य लहान की मोठं, याने लक्ष मिळत नाही. अटीतटीचं असेल तर मिळतं. टेक्सासमधला डेमोक्रॅट आणि कॅलिफोर्नियातला रिपब्लिकन हे दोघेही लाखोंच्या संख्येने आहेत आणि दोघांचीही मतं अध्यक्षाच्या निवडीत वाया जातात.

इलेक्टर फितूर झाला तर?

२०१६ मध्ये सात इलेक्टरांनी ठरलेल्या उमेदवाराऐवजी दुसऱ्यालाच मत दिलं आणि ती मतं तशीच धरली गेली: वॉशिंग्टन राज्याचे चार, टेक्सासचे दोन, हवाईचा एक. निकालावर परिणाम झाला नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की राज्य अशा इलेक्टरला दंड करू शकतं किंवा बदलू शकतं. बऱ्याच राज्यांत आता तसे कायदे आहेत, पण सगळ्या राज्यांत नाहीत. ही फट अजून उघडी आहे.

कोणालाच २७० मिळाले नाहीत तर?

मग १८०४ च्या १२व्या घटनादुरुस्तीनुसार नवं प्रतिनिधिगृह पहिल्या तिघांतून अध्यक्ष निवडतं. पण सदस्यागणिक मत नसतं, राज्यागणिक एक मत असतं. कॅलिफोर्नियाच्या ५२ प्रतिनिधींचं मिळून एक, वायोमिंगच्या एकट्या प्रतिनिधीचंही एक. जिंकायला २६ राज्यं लागतात. एखाद्या राज्याचे प्रतिनिधी समसमान फुटले तर त्या राज्याचं मत कोणालाच पडत नाही. डीसीला इथे मतच नाही. उपाध्यक्ष मात्र सिनेट पहिल्या दोघांतून निवडतं, म्हणजे दोघं वेगवेगळ्या पक्षांचे असू शकतात.

१८२४ मध्ये जॅक्सन यांच्याकडे ९९ इलेक्टर होते, ॲडम्स यांच्याकडे ८४. जनमतातही जॅक्सन पुढे होते. प्रतिनिधिगृहाने २४ पैकी १३ राज्यांच्या मतांनी ॲडम्स यांना निवडलं. इलेक्टर पद्धतीचे कट्टर समर्थकही या तरतुदीची बाजू सहसा घेत नाहीत.

इलेक्टर पद्धतीच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा कोणता?

आमच्या मते, वाद एका राज्यात कोंडला जातो हा. २००० मध्ये मोजणीचा गोंधळ फ्लोरिडापुरता राहिला. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने फेरमोजणी थांबवली. तो निर्णय पटो न पटो, बाकीच्या राज्यांना मतपेट्या पुन्हा उघडाव्या लागल्या नाहीत. देशभरची मतं एकत्र मोजली आणि फरक लाखभराचा निघाला, तर प्रत्येक मतदान केंद्रावर वकील उभे राहतील.

दुसरा मुद्दा असा मांडतात की उमेदवाराला अनेक प्रदेशांत पाठिंबा मिळवावा लागतो, एखाद्याच भागात भरघोस मतं घेऊन भागत नाही. १८८८ मध्ये जास्त मतं मिळूनही हरलेल्या क्लीव्हलंड यांची आघाडी मुख्यतः दक्षिणेतून आलेली होती. पण त्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना धाकदपटशाने मतदानापासून दूर ठेवलं जात होतं, त्यामुळे त्या वर्षीचं ‘जनमत’ तरी कितपत खरं मानायचं? या वर्षाचा दाखला दोन्ही बाजूंनी जपून द्यावा.

“थेट निवडणूक” म्हणजे नेमकी कोणती पद्धत?

हे विचारल्याशिवाय कोणत्याही प्रस्तावाला हो म्हणू नये. तीन प्रकार आहेत.

पहिला, सर्वात जास्त मतं त्याचा विजय, किमान अट नाही. मेक्सिकोत हेच चालतं. २००६ मध्ये काल्देरॉन सुमारे ३६ टक्के मतांवर, एका टक्क्याहून कमी फरकाने अध्यक्ष झाले आणि महिनोन्महिने आंदोलन चाललं.

दुसरा, दोन फेऱ्यांचा. फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. तोटा असा की पहिल्या फेरीत एका विचाराची मतं फुटली की त्या बाजूचा कोणीच दुसऱ्या फेरीत पोचत नाही. २००२ मध्ये फ्रान्सच्या डाव्यांचं तेच झालं. अर्जेंटिनाची अट सौम्य आहे: ४५ टक्के, किंवा ४० टक्के आणि दुसऱ्यापेक्षा १० टक्क्यांची आघाडी.

तिसरा, पसंतीक्रमाचा: मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो. आयर्लंडचा अध्यक्ष असाच निवडला जातो. १९९० मध्ये मेरी रॉबिन्सन पहिल्या पसंतीच्या मतांत मागे होत्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची मतं वळल्यावर निवडून आल्या.

अमेरिकेसाठी आम्हाला पसंतीक्रम योग्य वाटतो. एकाच दिवसात काम होतं, दुसऱ्या फेरीचा खर्च आणि घटलेलं मतदान टळतं. अट न ठेवता केलेली थेट निवडणूक मात्र नको. १९९२ मध्ये बिल क्लिंटन ४३ टक्के मतांवर आले. इलेक्टरांतल्या ३७० मतांनी त्या विजयाला निर्विवादपणा दिला. तो आधार काढला की दुसरा काही तरी द्यावा लागेल.

देशभरची मतं मोजणं इतकं अवघड का?

कारण अमेरिकेत राष्ट्रीय निवडणूक घेणारी, आपल्या निवडणूक आयोगासारखी संस्था नाही. जाहीर होणारा “देशाचा एकूण आकडा” ही राज्यांच्या आकड्यांची बेरीज असते, तिला कायद्याने काही अर्थ नाही. टपाली मत किती दिवसांनी आलं तरी चालतं, सही जुळली नाही तर मतदाराला दुरुस्तीची संधी मिळते का, शिक्षा भोगून आलेल्याला मत आहे का, हे सगळं राज्यागणिक वेगळं. फेरमोजणीचंही तेच: फ्लोरिडात फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला की ती आपोआप होते, जॉर्जियात हरलेल्याने मागावी लागते. देशभराच्या फेरमोजणीचा नियमच नाही.

१९६० चं अलाबामा यासाठीच जवळून पाहण्यासारखं आहे. तिथे मतदार प्रत्येक इलेक्टरला स्वतंत्र मत देत होते. डेमोक्रॅटिक यादीत ११ जण होते: पाच केनेडींना बांधलेले, सहा कोणालाही न बांधलेले. त्या सहांनी शेवटी सिनेटर बर्ड यांना मत दिलं. मग अलाबामातली डेमोक्रॅटिक मतं केनेडींची धरायची का? सगळी धरली तर केनेडी देशभरात सुमारे १ लाख १३ हजारांनी पुढे. इलेक्टरांच्या प्रमाणात वाटली तर निक्सन पुढे जातात. त्या वर्षी थेट पद्धत असती तर अशी मतपत्रिका चाललीच नसती, हे खरं. पण एकच नियम नसताना बेरीज कशी फसवी होते, ते यातून कळतं.

सगळ्या राज्यांनी मेन-नेब्रास्काची पद्धत घेतली तर?

परिस्थिती बिघडेल. मतदारसंघांच्या सीमा पक्ष आपल्या सोयीने आखतात आणि तीच लबाडी अध्यक्षाच्या निवडीत शिरेल. २०१२ ची मतं या पद्धतीने मोजली, तर सुमारे ५० लाख मतांनी मागे असलेले रॉम्नी २७४–२६४ ने जिंकतात.

घटनादुरुस्ती का होत नाही?

दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि मग ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते. सगळ्यात जवळ गेले ते १९६९ मध्ये. आदल्या वर्षी वंशभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी ४६ इलेक्टोरल मतं घेतल्याने दोन्ही पक्ष हादरले होते. प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची दुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली. तिच्यात ४० टक्क्यांची अट होती आणि ती पूर्ण न झाल्यास दुसरी फेरी. अध्यक्ष निक्सन यांचाही पाठिंबा होता. १९७० मध्ये सिनेटमध्ये दक्षिणेच्या आणि लहान राज्यांच्या सदस्यांनी चर्चा लांबवत नेली. ती थांबवायला दोन तृतीयांश लागत होते, मिळाले ५४ विरुद्ध ३६.

१९७९ मध्ये सिनेटमध्ये पुन्हा मतदान झालं, ५१–४८, म्हणजे दोन तृतीयांशाला पुन्हा कमी. या वेळी विरोधकांत काही कृष्णवर्णीय आणि ज्यू संघटनाही होत्या. न्यूयॉर्कसारख्या मोठ्या आणि तेव्हा चुरशीच्या राज्यांत आपल्या गठ्ठा मतांना जो भाव आहे तो जाईल, ही त्यांची भीती होती. आज त्या राज्यात चुरस उरलेली नाही. चालू फायद्यावर बेतलेली भूमिका किती लवकर शिळी होते, ते यातून दिसतं.

राज्यांच्या आपसातल्या कराराने काम होईल का?

हा करार असा: ज्या राज्यांची मिळून २७० इलेक्टोरल मतं होतात, ती सगळी आपले इलेक्टर देशभरात पहिल्या आलेल्या उमेदवाराला देतील. २००७ मध्ये मेरीलँडने सुरुवात केली. २०२४ मध्ये मेन आल्यावर १७ राज्यं आणि डीसी मिळून २०९ मतं झाली.

कल्पना हुशारीची आहे, उद्देशही चांगला आहे. पण अडचणी खऱ्या आहेत. राज्यांमधल्या कराराला काँग्रेसची संमती लागते असं घटनेत कलम आहे. या कराराला ती लागते का, यावर खटला होणार हे ठरलेलंच. किमान टक्केवारीची अट नाही. २० जुलैनंतर बाहेर पडता येणार नाही असं करारात लिहिलं आहे, पण ऐन वेळी एखाद्या विधिमंडळाने ते झुगारलं तर काय, हे कोर्टात कधी तपासलं गेलेलं नाही. आणि मेन, अलास्का ही राज्यं पसंतीक्रमाने मतदान घेतात. बेरजेत त्यांची पहिल्या पसंतीची मतं धरायची की शेवटच्या फेरीतली? असे तपशील नोव्हेंबरात नव्हे, आधीच मिटायला हवेत. म्हणून आम्हाला घटनादुरुस्तीचाच रस्ता खरा वाटतो, कितीही लांबचा असला तरी.

इतर देशांनी इलेक्टर सोडले का?

बहुतेकांनी. फ्रान्सने १९५८ मध्ये सुमारे ८० हजार लोकप्रतिनिधींच्या गणाकडून अध्यक्ष निवडला आणि १९६२ च्या सार्वमताने थेट पद्धत घेतली. फिनलंडमध्ये १९९४ पासून, अर्जेंटिनात १९९४ च्या घटनाबदलाने.

भारताचे राष्ट्रपतीही अप्रत्यक्षच निवडले जातात. मग अमेरिकेला नावं का ठेवायची?

पदं वेगळी आहेत. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. थेट कोट्यवधी मतं घेऊन आलेले राष्ट्रपती आणि लोकसभेला उत्तरदायी पंतप्रधान अशी दोन सत्ताकेंद्रं नकोत, म्हणून घटनासमितीने ही पद्धत घेतली. अमेरिकेत अध्यक्ष स्वतःच कारभार चालवतो.

आपल्याकडचं गणितही नीट बांधलेलं आहे. १९७१ ची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, भागिले १०००. महाराष्ट्राचे ५,०४,१२,२३५ लोक आणि २८८ आमदार, म्हणून एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आणि राज्याचं ५०,४००. गोव्याच्या ४० आमदारांचं मूल्य प्रत्येकी २०. राज्याला गठ्ठा नाही, प्रत्येक आमदाराचं मत स्वतंत्र मोजलं जातं आणि निवडून यायला निम्म्याहून जास्त मूल्य लागतं. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीत ४,०१,५१५ मूल्याची मतं पडली, ती पुरेशी नव्हती. मग चिंतामणराव देशमुख आणि इतर उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली, तेव्हा गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि नीलम संजीव रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. १९७१ ची लोकसंख्या अजून धरली जाते, हा मात्र या पद्धतीतला दोष आहे.

थेट की अप्रत्यक्ष हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. थेट जनतेतून सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं झालं की ठराव अडतात, हे गावोगावी दिसतं. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यात ही अडवणूक आजही होतेच, त्यामुळे थेट निवडणुकीने तिथे ती नव्याने येणार नाही.

अमेरिकेत किंवा भारतात राहणाऱ्या मराठी माणसाने काय लक्षात ठेवावं?

एच-१बी किंवा ग्रीनकार्डवर असाल तर मतदान करू नका, नोंदणीही करू नका. वाहन परवान्याच्या अर्जात मतदार नोंदणीच्या रकान्यात चुकून खूण केली तरी पुढे नागरिकत्वाला धोका होऊ शकतो.

नागरिक असाल आणि न्यू जर्सीत राहत असाल, तर तुमचं राज्य २००८ पासूनच करारात आहे. पलीकडचं पेनसिल्व्हेनिया त्यात नाही. इलेक्टर कसे नेमायचे हे विधिमंडळ ठरवतं, म्हणून या विषयाची आस्था असलेल्याने राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक चुकवू नये. ती मतपत्रिकेवर खाली असते आणि पुष्कळ जण तिथपर्यंत जातच नाहीत.

अमेरिकन नागरिक होऊन पुण्याला किंवा पणजीला परतला असाल, तरी मत शाबूत आहे. फेडरल पोस्टकार्ड ॲप्लिकेशन हा अर्ज दर वर्षी नव्याने भरायचा. मत मोजलं जातं ते अमेरिकेत शेवटी जिथे राहत होतात त्या राज्यात. तोच नागरिक पुण्याऐवजी पोर्तो रिकोत राहायला गेला, तर मात्र अध्यक्षासाठी त्याला मत उरत नाही.